थेट पत्त्यावर

८ जुलै २०२४, सोमवार, कोल्हापूर

आज राउटर बदलायला घेतला. दूध संस्थांच्या ॲपमध्ये रिॲक्ट राउटरची पाचवी आवृत्ती होती, तिच्या जागी सहावी. सहावी आली नोव्हेंबर २०२१ मध्ये. तेव्हापासून 'पुढच्या महिन्यात करू' असं आम्ही म्हणत आलो. आता सभासदांना दहा दिवसांच्या बिलाची लिंक एसएमएसने पाठवायचं ठरलं आहे. बिलाची नवी पानं सहाव्या आवृत्तीवरच लिहून तयार आहेत. पहिला एसएमएस शुक्रवारी, १२ तारखेला जायचा आहे. चार दिवसांत हे काम करू नये असं माझं मत मी सांगितलं, पण तारीख हलत नाही.

पहिला तासभर चुका सरळ होत्या. 'स्विच' नाही, त्याच्या जागी 'राउट्स' लिहा. 'रीडायरेक्ट' नाही, 'नॅव्हिगेट' लिहा. या चुका बांधणीच्या वेळीच दिसतात, फाइल आणि ओळ दाखवून. त्या संपल्या, बांधणी हिरवी झाली आणि ब्राउझरमध्ये पांढरं पान आलं. कन्सोलमध्ये एकच लाल ओळ: 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड, रीडिंग पॅराम्स'.

धाकटा सहकारी अर्धा तास 'पॅराम्स' शोधत होता. पत्त्यात क्रमांक आहे, राउटमध्ये विसर्ग-चिन्ह लावून नाव दिलं आहे, मग पॅराम्स का नाही? मी त्याला खुर्ची ओढून बसवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं. ज्याचं नाव 'रीडिंग'च्या पुढे येतं ते हरवलेलं नसतं. त्याच्या आधीचं हरवलेलं असतं. आमच्या ओळीत 'प्रॉप्स-डॉट-मॅच-डॉट-पॅराम्स' होतं. नाही तो 'मॅच'. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि हा मघापासून पोहरा उलटापालटा करून बघत होता.

पाचव्या आवृत्तीत राउट आपल्या पानाला तीन गोष्टी न मागता हातात द्यायचा: मॅच, लोकेशन, हिस्टरी. सहाव्यात तो काहीच देत नाही. पानाने स्वतः 'यूजपॅराम्स' म्हणून मागायचं. आमची सतरा पानं वर्षानुवर्षं न मागता मिळणाऱ्या वस्तूवर उभी होती.


९ जुलै, मंगळवार

दिवसभर तेच. फंक्शनची पानं झाली, क्लासची राहिली. क्लासमध्ये 'यूजपॅराम्स'सारखे हुक चालत नाहीत आणि सहाव्यात 'विदराउटर' काढून टाकला आहे, म्हणून त्याच नावाचं वेष्टण हाताने लिहिलं. सात ओळींचं काम. जुन्या पानांना त्यातून पत्ता मिळतो, म्हणजे ती पुन्हा लिहायची घाई नाही.

दुपारी 'रीडिंग पाथनेम' आलं. ॲपच्या मुळाशी आम्ही जुन्या पद्धतीने 'राउटर' लावून त्याला स्वतः बनवलेली हिस्टरी देत होतो. सहाव्यातल्या 'राउटर'ला हिस्टरी नको असते, लोकेशन लागतं. ते मिळालं नाही की तो त्यातला पाथनेम वाचायला जातो आणि पडतो. 'ब्राउझरराउटर' लावलं, संपलं. नंतर तेच वाक्य दुसऱ्या पानावर आलं, तिथे कारण निराळं: एका 'लिंक'ला कुठे जायचं हेच दिलेलं नव्हतं. एक वाक्य, दोन दुखणी. म्हणून मी संदेशापेक्षा त्याखालचा कॉल स्टॅक आधी बघते. आपल्या फाइलचं पहिलं नाव जिथे येतं तिथून सुरुवात.

चाचणी करणाऱ्या मुलीने याच चुकीच्या तीन वेगवेगळ्या नोंदी करून ठेवल्या होत्या. क्रोम म्हणतो अनडिफाइन्डचे गुणधर्म वाचता येत नाहीत, फायरफॉक्स म्हणतो अमुक गोष्ट अनडिफाइन्ड आहे, सफारी म्हणतो अनडिफाइन्ड हे ऑब्जेक्ट नव्हे. फायरफॉक्स आणि सफारी निदान कोण हरवलं त्याचं नाव तरी घेतात. क्रोमचा संदेश २०२१ पर्यंत जरा वेगळ्या शब्दांत होता, त्यामुळे जुन्या नोंदी शोधताना दोन्ही वाक्यं टाकून बघावी लागतात. तिच्या तिन्ही नोंदी मी एकत्र केल्या.

संध्याकाळी वरच्या पट्टीत 'नल' आला. पट्टी लोकेशनच्या 'स्टेट'मधून 'मागे' बटणाचं नाव वाचते आणि थेट पत्ता टाकून आलं की स्टेट नल असतं. सगळी पानं ज्या एका सामाईक फंक्शनमधून स्टेट घेतात त्यात लिहिलं: स्टेट नसेल तर रिकामं ऑब्जेक्ट दे. पट्टी लगेच सुधारली. साडेआठ वाजले होते, घरी आले.


११ जुलै, गुरुवार

सर्व्हरच्या नोंदींत काल रात्रीपासून एक विचित्र सभासद दिसतो आहे. त्याचा क्रमांक 'अनडिफाइन्ड'. सभासद, तिरकी रेघ, अनडिफाइन्ड, आणि पुढे ४०४. अशी मागणी दर काही मिनिटांनी.

राउटमध्ये नाव 'मेंबरनो' आणि पानात मागितलं 'मेंबरआयडी'. यूजपॅराम्स जे नाव राउटमध्ये असेल तेच देतो. दुसरं मागितलं तर तक्रार करत नाही, अनडिफाइन्ड हातात ठेवतो. तो पत्त्याच्या मजकुरात जोडला की जावास्क्रिप्ट त्याचं इमानदारीने अक्षरांत रूपांतर करते आणि मागणी सर्व्हरकडे रवाना होते. ब्राउझरमध्ये काहीच पडलं नाही, फक्त 'माहिती सापडली नाही' अशी पाटी. सर्व्हरची नोंद बघायची सवय नसती तर हे कळलं नसतं.

सगळ्या पत्त्यांची नावं एका फाइलमध्ये आणली. राउट आणि पान दोघांनी तिथूनच घ्यायची.


१२ जुलै, शुक्रवार. रात्री पाऊण

सकाळी अकराला एसएमएस गेले. पावणेबाराला भोगावतीकाठच्या एका संस्थेच्या सचिवकाकांचा फोन: "मॅडम, नुसतं पांढरं पान दिसतंय. माणसं दारात येऊन ऱ्हायल्यात, काय सांगू?"

मी माझ्या लॅपटॉपवर यादीतून त्यांच्या संस्थेचा एक सभासद उघडला. बिल दिसलं. पान रिफ्रेश केलं. दिसलं. काकांना म्हटलं, तुमच्या संगणकावर बघा. त्यांनीही यादीतून उघडलं, त्यांनाही दिसलं. मग सगळ्यांची शंका फोनवर गेली. जुने फोन, जुना क्रोम, गावात रेंज नाही. तीन तास आम्ही जुन्या ब्राउझरसाठी बांधणी करण्यात घालवले. ते तीन तास मला अजून टोचताहेत, कारण त्या वेळात लोक पुन्हा पुन्हा तीच लिंक दाबत होते.

चार वाजता मी पहिल्यांदा तो एसएमएस माझ्याच फोनवर मागवून घेतला आणि दाबला. पांढरं पान. फोन नवा, रेंज पूर्ण. तीच लिंक लॅपटॉपवर नव्या टॅबमध्ये चिकटवली. पांढरं पान. कन्सोलमध्ये 'अनडिफाइन्ड, रीडिंग टोटल'. बांधणीत आपल्या चलांची नावं आखडून एका अक्षराची होतात, पण गुणधर्मांची नावं तशीच राहतात, म्हणून 'टोटल' वाचता आलं. बिलाची एकूण रक्कम. म्हणजे नाही ते बिल.

पुढचं दहा मिनिटांत उलगडलं. यादीतल्या ओळीवर टिचकी मारली की आम्ही बिलाचं अख्खं ऑब्जेक्ट स्टेटमध्ये घालून पुढच्या पानावर पाठवतो. बिलाचं पान ते उचलून दाखवतं. पत्त्यात संस्था, सभासद आणि कालावधी असतो, पण पान पत्त्याकडे बघतच नाही. ज्याने लिहिलं त्याच्या मनात माणूस नेहमी यादीतूनच येणार होता. ते मीच लिहिलं, मार्चमध्ये.

रिफ्रेश केल्यावर का दिसलं? ते स्टेट ब्राउझरच्या त्या टॅबच्या इतिहासात साठवलेलं असतं. रिफ्रेशने ते जात नाही. मी रिफ्रेश करून 'थेट उघडून पाहिलं' अशी स्वतःची समजूत घालत होते. थेट उघडणं म्हणजे नवा टॅब, दुसरा फोन, ज्याच्या इतिहासात आपलं काहीच नाही असा.

आणि मंगळवारी रात्री साडेआठला मी नलच्या जागी रिकामं ऑब्जेक्ट ठेवलं. ते ठेवलं नसतं तर चूक 'नल, रीडिंग बिल' अशी स्टेटच्या दारातच पडली असती, आणि स्टेट हा शब्द पाहताच मला कारण कळलं असतं. रिकाम्या ऑब्जेक्टने तिला आत येऊ दिलं. ती दोन फाइली पुढे जाऊन रक्कम छापणाऱ्या ओळीत पडली, जिथे स्टेटचं नावही नाही.

अख्खं पान पांढरं होण्याचं कारणही आमच्याकडेच. रिॲक्टच्या सोळाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, चित्र काढताना कुठेही न झेललेली चूक झाली की सगळं झाड उतरवलं जातं. अर्धवट चुकीचा पडदा दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवणं बरं, असा तो निर्णय. पैशाच्या पानावर मला तो पटतो. पण त्याच वेळी चूक झेलणारी चौकट लावण्याची सोयही दिली होती, आणि ती आम्ही बिलाच्या पानाभोवती लावलेली नव्हती.

आता बिलाचं पान पत्ता वाचतं आणि सर्व्हरकडून बिल मागवतं. स्टेटमधून बिल पाठवणं पूर्ण बंद केलं. सहकारी म्हणाला, "ताई, यादीतून येणाऱ्याचा एक हेलपाटा वाचतो, राहू दे की." नाही ठेवलं. दोन वाटा ठेवल्या की आपण रोज एकीवरूनच चालतो आणि दुसरी कधी खचली ते कळत नाही. साडेअकराला नवी बांधणी चढवली. फोनवर उघडून पाहिलं, नव्या टॅबमध्ये पाहिलं, खासगी खिडकीत पाहिलं.


१३ जुलै, शनिवार

काकांना शब्द दिला होता म्हणून पावसातच गेले. स्कूटर संस्थेच्या पडवीत लावली तेव्हा संध्याकाळचं संकलन सुरू होत होतं. किटल्या, बरण्या, रांग. नमुना मशीनखाली, फॅट, एसएनएफ, लिटर, काकांची नोंद, पुढचा. एका माणसाला अर्धं मिनिट.

मी लिंक उघडताना माणसं बघत उभी राहिले, आणि इतकी वर्षं हे ॲप लिहूनही मला ठाऊक नसलेल्या गोष्टी दिसल्या. एसएमएस एकाच्या फोनवर येतो आणि बिल दुसराच बघतो. एका आजींचा साधा बटणांचा फोन. त्यांनी एसएमएस नातवाला पुढे पाठवला होता, नातू पुण्यात, त्याने लिंक उघडून त्या पानाचा फोटो शेजाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. एकाने मागच्या पंधरवड्यातली चाचणीची लिंक जपून ठेवली होती, तीच रोज उघडत होता. यादी, डॅशबोर्ड, डावीकडचा मेनू, ज्यांवर आम्ही महिनोन्‌महिने खपलो, ते यांच्यातल्या एकानेही कधी पाहिलेलं नाही. पाहण्याचं कारणही नाही. त्यांच्यासाठी ॲप म्हणजे ती एक लिंक.

आजींनी माझ्याकडे फोन दिला. मी माझ्या फोनवर त्यांचं बिल उघडून दाखवलं. १ ते १० जुलै, म्हैस, लिटर, रक्कम, खाली पशुखाद्याची उचल वजा. त्यांनी उचलीच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे बरोबर हाय. दोन पोती." मग वरच्या रकमेवर बोट. "हे माझ्या पोरीला सांग." तिथल्या तिथे त्यांच्या मुलीला लिंक पाठवली.

परतताना भोगावतीच्या पुलावर पाच मिनिटं थांबले. पाणी तांबडं, काठावरचा ऊस पाण्यात उभा.


१५ जुलै, सोमवार

सहकाऱ्याने शनिवार-रविवार बसून सगळ्या पानांवर प्रश्नचिन्ह-टिंब पेरलं. बिल-प्रश्नचिन्ह-टिंब-टोटल. २०२० साली भाषेत आलेली ही सोय: डावीकडचं नल किंवा अनडिफाइन्ड असेल तर पुढे जाऊ नकोस, गप्प अनडिफाइन्ड दे. त्याचा हेतू चांगला होता, काकांचा फोन त्यानेही ऐकला होता. दोनशेच्या वर ठिकाणी बदल.

मी त्याला बिलाचं पान उघडायला सांगितलं आणि सर्व्हरचं उत्तर मुद्दाम रिकामं केलं. पान पडलं नाही. सुबक दिसलं. 'एकूण रक्कम:' आणि पुढे कोरी जागा. खाली सरासरी दर: 'एनएएन रुपये', कारण अनडिफाइन्डला कशानेही गुणलं-भागलं की तेच मिळतं. मी विचारलं, हे पान परवाच्या आजींच्या मुलीच्या हातात गेलं तर ती काय समजेल? तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. "पैसे नाहीत असं."

पांढऱ्या पानावर माणूस फोन तरी करतो. कोऱ्या रकमेवर तो घरी बसून संस्थेला शिव्या देतो, किंवा देतही नाही, मनात ठेवतो.

दुपारभर आम्ही दोघांनी ती दोनशे ठिकाणं एकेक करून पाहिली. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: ही गोष्ट नसणं इथे रास्त आहे का? सभासदाचा दुसरा फोन नंबर नसू शकतो, प्रश्नचिन्ह राहू दे. पशुखाद्याची उचल नसू शकते; ज्याने घेतली नाही त्याच्या उत्तरात सर्व्हर ते खानाच पाठवत नाही. तिथे प्रश्नचिन्हही नको, 'उचल नाही' असं लिहायचं. बिलाच्या पानावर बिल नसणं रास्त नाही, तिथे चूक पडलीच पाहिजे आणि ती झेलून माणसाला कळेल असं सांगितलं पाहिजे. दोनशेतली एकतीस उरली.

चौकटीचा मजकूर तीनदा लिहिला. शेवटी: 'तुमचं बिल आत्ता दाखवता येत नाही. बिल सुरक्षित आहे. संस्थेच्या सचिवांना हा क्रमांक सांगा.' आणि खाली मोठ्या अक्षरांत चार अंक. त्या अंकांवरून मला नोंद सापडते.


१७ जुलै, बुधवार. आषाढी एकादशी

आई पहाटेच दिंडीबरोबर नंदवाळला गेली. घरी शांतता, साबुदाण्याची खिचडी, बाहेर पाऊस.

अनडिफाइन्ड मुळात कशाला, हा धाकट्या सहकाऱ्याचा प्रश्न डोक्यात आहे. टोनी होर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी नल संदर्भ योजला, कारण करायला सोपा होता, आणि २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केपसाठी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला, आणि तिच्यात 'नाही' दोन प्रकारचं आलं. नल म्हणजे इथे काही नाही असं कुणीतरी सांगितलेलं. अनडिफाइन्ड म्हणजे कुणी काही सांगितलेलंच नाही.

हा फरक मला आवडतो, वापरताना आम्ही तो पुसून टाकतो एवढंच. त्रास दुसरीकडे आहे. नसलेला गुणधर्म मागितला तर भाषा गप्प राहते. त्या नसलेल्याचा गुणधर्म मागितला की मग ओरडते. पहिल्या पायरीला पाय घसरतो आणि आवाज दुसऱ्या पायरीवरून येतो. गेल्या दहा दिवसांतली माझी धावपळ म्हणजे दुसऱ्या पायरीवरून पहिली शोधणं.


२० जुलै, शनिवार

काल जगभर विमानतळांचे, बँकांचे निळे पडदे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अपडेटने विंडोजची यंत्रं पडली. इकडची यंत्रं चालू होती.

आमच्याकडे मात्र कन्सोल स्वच्छ असताना सापडलेली चूक आहे आणि मला या महिन्यातली ती सगळ्यात गंभीर वाटते. काका यादीतून सभासद ११२ उघडतात, लगेच मागे न जाता 'पुढचा' दाबून ११३. पत्त्यात ११३, वर नाव ११३ चं, खाली रक्कम ११२ ची. दोघे सख्खे भाऊ, आडनाव एक, दूध साधारण सारखं. काकांच्या लक्षात आलं ते केवळ थोरल्याची उचल त्यांना पाठ होती म्हणून.

पत्त्यातला फक्त क्रमांक बदलला तर राउटर पान नव्याने मांडत नाही. तेच पान, आतलं जुनं बिल तसंच, आणि क्रमांक नवा. भरीला दोन मागण्या हवेत: ११२ ची उशिरा आली तर ती ११३ च्या उत्तरावर बसते. क्रमांक बदलला की जुनं बिल टाकून द्यायचं, जुनी मागणी रद्द करायची, आणि आलेल्या बिलावरचा क्रमांक पत्त्याशी जुळला नाही तर छापायचंच नाही. हे तिन्ही केलं. शेवटचं सहकाऱ्याला जादा वाटलं. रकमेच्या पानावर मला जादा वाटत नाही.

इथे अनडिफाइन्ड आला असता तर बरं झालं असतं. कुणाच्या तरी लगेच नजरेत भरला असता.


२६ जुलै, शुक्रवार

पंचगंगा ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीच्या वर. काही गावांचे रस्ते बंद, तिथलं दूध घरातच. रेंज आहे पण मुंगीच्या पावलाने.

त्या मुंगीच्या पावलांत एक चूक बाहेर पडली. बिलाचं पान दोन मागण्या करतं, एक बिलाची, एक सभासदाची. बिल आलं का एवढंच तपासून पान दोन्ही छापायला घेतं. सभासदाचं उत्तर लहान, ते नेहमी आधीच यायचं, म्हणून इतके दिवस चाललं. आज ते मागे राहिलं: 'रीडिंग नेम'. चौकटीने झेललं, तीन जणांनी सचिवांना चार अंक सांगितले, सचिवांनी मला. दहा मिनिटांत जागा सापडली. दोन्ही उत्तरं आल्याशिवाय पुढे जायचं नाही असं केलं.

पुरात माणसं फोन करून चार अंक सांगतात, याचा मला दिवसभर आधार वाटत होता.


७ ऑगस्ट, बुधवार

क्राउडस्ट्राइकने कारणांचा अहवाल काल प्रसिद्ध केला. तो दोनदा वाचला. त्यांच्या साच्यात २१ खाने ठरवलेले होते आणि त्यांना भरणारा कोड २०च देत होता. एकविसावा मुळात नव्हताच. आधीच्या नियमांमध्ये एकविसाव्या जागी 'काहीही चालेल' अशी खूण असायची, त्यामुळे तो कधी वाचलाच गेला नाही, आणि सगळ्या चाचण्या पार पडल्या. १९ जुलैच्या नियमाला एकविसावा खरोखर लागला. नसलेल्या जागी वाचायला गेलं आणि यंत्र पडलं. मायक्रोसॉफ्टचा अंदाज ८५ लाख यंत्रांचा.

त्यांचं काम विंडोजच्या गाभ्यातलं, आमचं दूध बिलाचं एक पान. तिथे मेमरीच्या हद्दीबाहेर वाचलं गेलं, म्हणून सगळं यंत्र कोसळलं. जावास्क्रिप्ट हद्दीबाहेर जाऊ देत नाही, अनडिफाइन्ड देते. पण ती 'काहीही चालेल' खूण वाचताना मला माझं रिफ्रेश आठवलं. तीन दिवस हिरवं दिसणारी चाचणी, जिने तपासायची गोष्ट तपासलीच नव्हती.

आमच्या चाचण्यांत आज एक भर घातली. ॲपमधल्या प्रत्येक पत्त्यासाठी कोरा ब्राउझर उघडायचा, कुठलाही इतिहास नसलेला, आणि थेट तो पत्ता टाकायचा. पान उभं राहिलं पाहिजे, नाहीतर माणसाच्या भाषेत कारण सांगितलं पाहिजे. पहिल्याच फेरीत दोन पानं पडली. एक जुनं, कुणी वापरत नाही. दुसरं, ठेव पावतीचं. राउटची फाइल टाइपस्क्रिप्टमध्येही नेली. पत्त्यातला क्रमांक नसूही शकतो हे तिथे भाषाच बजावते. स्टेटच्या बाबतीत तीही हात वर करते, राउटरने त्याचा प्रकार 'काहीही' असाच ठेवला आहे. तेवढं आपल्यालाच सांभाळायचं.


१२ ऑगस्ट, सोमवार

१ ते १० ऑगस्टच्या बिलांचे एसएमएस सकाळी अकराला गेले. बारापर्यंत फोन जवळ घेऊन बसले. एकच आला, सचिवकाकांचा.

"मॅडम, त्या आजी आल्यात हितं. म्हणत्यात, धा तारखेच्या सांजच्या दुधाला फॅट सहा पॉइंट दोन दावतंय. माझ्या वहीत सहा पॉइंट आठ हाय."

त्यांना लिंक पाठवायला सांगितलं. ती नव्या टॅबमध्ये उघडली. १० ऑगस्ट, संध्याकाळ, म्हैस, ६.२.

"आजींना बसवा काका," म्हटलं, "आणि वही उघडी ठेवा. मी मशीनची नोंद काढते."